हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेतील भूलतज्ज्ञ : गावापासून सुरू होणारी दक्षता

हृदयाची एखादी अवघड शस्त्रक्रिया यशस्वी झाली की शल्यविशारदाचे नाव सर्वतोमुखी होते आणि ते योग्यही आहे. परंतु त्याच शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या उशाशी तासन्‌तास उभे राहून त्याचा श्वास, रक्तदाब, शरीराचे तापमान आणि रक्ताची गुठळी होण्याची क्रिया सांभाळणाऱ्या भूलतज्ज्ञाचे नाव रुग्णाच्या घरच्या मंडळींनाही बहुधा ठाऊक नसते. भूल देणे म्हणजे सुई टोचून रुग्णाला झोपविणे, एवढीच कल्पना समाजात रूढ आहे. वस्तुतः हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांत आज जे यश दिसते, त्याचा फार मोठा वाटा बधिरीकरणशास्त्राच्या प्रगतीचा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भूलतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी सुरू होत नाही. रुग्ण कोणत्या अवस्थेत तेथे पोहोचतो, यावर त्याचे निम्मे यश अवलंबून असते. आणि ती अवस्था गावात, शाळेत, अंगणवाडीत ठरत असते. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अंबाडी हे गाव उदाहरणादाखल घेऊ. भिवंडी-वाडा मार्गावरील अंबाडी नाक्यावरून एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे व पुढे शिरसाडकडे जातो. तानसेच्या खोऱ्यातील लहानमोठी गावे, आदिवासी पाडे आणि वीटभट्ट्यांवर मुक्काम करणारी कुटुंबे यांची ये-जा या नाक्यावरून होते. येथील बालकाच्या हृदयाला छिद्र असेल, तर त्याची शस्त्रक्रिया मुंबईत किंवा एखाद्या मोठ्या शहरात होईल. पण ती सुखरूप पार पडेल की नाही, याचा निर्णय बऱ्याच अंशी अंबाडीच्या परिसरातच झालेला असेल. ते कसे, हे समजावून घेण्यासाठी या शास्त्राची वाटचाल थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

छाती उघडण्याची अडचण

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा वापर करून वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडवून आणले. पुढील वर्षी एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. रुग्णाला घट्ट धरून, मिनिटा-दोन मिनिटांत शस्त्रक्रिया उरकण्याचे दिवस संपले. तथापि क्लोरोफॉर्मने काही रुग्ण टेबलावरच दगावू लागले, तेव्हा या औषधाने आधी श्वास थांबतो की हृदय, असा वाद उपस्थित झाला. तो सोडविण्यासाठी १८८८ व १८८९ साली निजामाच्या हैदराबादेत दोन आयोग नेमण्यात आले. मराठवाडा त्या काळी याच संस्थानाचा भाग होता. आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष या आयोगांनी काढला. पुढे १९११ च्या सुमारास झालेल्या संशोधनाने क्लोरोफॉर्म हृदयालाही थेट थांबवू शकते, हे दाखवून दिले. त्यातून मिळालेला धडा कायमचा आहे : भूल देणाऱ्याने श्वास व हृदय या दोहोंवर अखंड नजर ठेवली पाहिजे.

पोट, हातपाय यांवरील शस्त्रक्रिया झपाट्याने वाढल्या, तरी छाती मात्र पुढची कित्येक वर्षे जवळजवळ अस्पर्श राहिली. याचे कारण शरीररचनेत आहे. छातीच्या बंद पिंजऱ्यात फुप्फुसे बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाबामुळे ताणलेली राहतात. छाती उघडताच बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस फुगा फुटावा तसे आक्रसते. रुग्ण कितीही जोराने श्वास घेऊ लागला, तरी त्या फुप्फुसात हवा शिरत नाही. १९०४ साली जर्मनीतील फर्डिनांड झाउएरब्रुख यांनी यावर एक विलक्षण तोडगा काढला. रुग्णाचे डोके बाहेर व धड आत राहील अशी कमी दाबाची बंद खोली त्यांनी तयार केली आणि शल्यविशारदही त्याच खोलीत उभा राहून शस्त्रक्रिया करू लागला. ही रीत अवजड होती. खरा सोपा मार्ग पुढे सापडला. श्वासनलिकेत एक नळी घालावयाची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात बाहेरून हवा भरावयाची, असा तो मार्ग होय. १९४२ साली कॅनडातील माँट्रिअल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी क्युरारे या स्नायू शिथिल करणाऱ्या द्रव्याचा भूल देताना उपयोग केला. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी आपल्या बाणांना लावीत असलेले हे विष योग्य मात्रेत औषध ठरले. स्नायू शिथिल झाल्याने थोड्या भुलीतही रुग्ण स्थिर राहू लागला आणि त्याचा श्वास पूर्णपणे भूलतज्ज्ञाच्या हाती आला. छातीचे दार उघडले ते येथे.

पुढील प्रगती वेगाने झाली. १९३८ साली रॉबर्ट ग्रॉस यांनी हृदयाजवळील, जन्मानंतर बंद व्हावयास हवी अशी रक्तवाहिनी बांधून दाखविली होती. १९४४ साली बाल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लेलॉक, हेलन टॉसिग व व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून ओठ-नखे निळी पडणाऱ्या पंधरा महिन्यांच्या बालिकेवर शस्त्रक्रिया झाली. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी फिलाडेल्फिया येथे हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयाच्या आतील छिद्र प्रथमच यशस्वीपणे बंद केले.

मुंबईचा वाटा

या नव्या विद्येची पावले मुंबईत लवकर उमटली. परळ येथील राजे एडवर्ड स्मारक, म्हणजेच के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. तेथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची परंपरा निर्माण केली. फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्तिआन बर्नार्ड यांच्या पहिल्या प्रयोगानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, त्यांनी याच रुग्णालयात भारतातील पहिले मानवी हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. शस्त्रक्रियेचे तंत्र हाती असले तरी तिच्या पुढेमागे लागणारी सारी व्यवस्था उभी राहिल्याशिवाय रुग्ण वाचत नाही, हे त्या काळात जगभरच अनुभवास येत होते. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा भारतात १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण झाले.

हृदयरोपणासारख्या घटना वृत्तपत्रांत गाजतात. परंतु आपल्याकडील हृदयशस्त्रक्रियेचा खरा भार दीर्घकाळ संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या झडपांनी उचलावयास लावला. धडधडत्या हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर होत असे. असा रुग्ण बहुधा तरुण, पुष्कळदा गरोदर स्त्री, फुप्फुसात पाणी साचलेली, आडवे निजताही न येणारी अशी असे. तिला भूल देणे ही कसोटी होती. या कसोटीतून भूलतज्ज्ञांच्या पिढ्या घडल्या.

शस्त्रक्रियागृहात काय घडते

उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ नेमके काय करतो, हे जाणून घेणे उद्बोधक आहे. रुग्ण टेबलावर येताच हृदयाच्या विद्युत्‌लहरी दाखविणारे यंत्र जोडले जाते आणि बोटाला रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारा चिमटा लावला जातो. या पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व १९७४ साली जपानमधील ताकुओ आओयागी यांनी मांडले. त्यापूर्वी रुग्णाचे ओठ निळे पडलेले डोळ्यांना दिसेपर्यंत प्राणवायू कमी झाल्याचे कळत नसे. आणि दिव्याच्या उजेडात, सावळ्या वर्णात तो निळेपणा ओळखणे त्याहून कठीण. मनगटातील धमनीत बारीक नळी बसवून हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक रक्तदाब मोजला जातो. मानेतील मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून औषधे देता येतात. भूल दिल्यानंतर अन्ननलिकेतून एक नळी उतरवून हृदयाचे ध्वनिचित्र पाठीमागून पाहिले जाते. दुरुस्त केलेली झडप नीट मिटते आहे की नाही, हे छाती बंद करण्यापूर्वीच त्यावरून कळते.

हृदय थांबवून त्यावर काम करावयाचे, तर तेवढा वेळ शरीराला रक्तपुरवठा दुसऱ्या कोणी तरी केला पाहिजे. ते काम हृदय-फुप्फुस यंत्र करते. रक्त यंत्राच्या नळ्यांत गोठू नये म्हणून हेपारिन दिले जाते. रक्ताची गुठळी होण्यास एरवी सुमारे दोन मिनिटे लागतात. तो काळ आठ मिनिटांच्या आसपास लांबल्याची चाचणी घेतल्यावरच यंत्र सुरू होते. पोटॅशियमयुक्त द्रावाने हृदय विसावते. शरीर थंड केल्यास पेशींची प्राणवायूची गरज घटते, म्हणून तापमान उतरविले जाते. काम संपल्यावर शरीर पुन्हा उबदार करावयाचे, हृदय चालू करावयाचे, यंत्राचा आधार हळूहळू काढावयाचा आणि प्रोटामिन देऊन हेपारिनचा प्रभाव उतरवावयाचा, हा सारा क्रम शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि यंत्रचालक यांच्या एकमेकांना मोठ्याने दिलेल्या हाकांवर चालतो. यात एकाचेही लक्ष विचलित होऊन चालत नाही.

म्हणूनच यंत्रांच्या जोडीने शिस्तीलाही महत्त्व आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रिया-सुरक्षेची एक साधी तपासयादी प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन वेळी सर्वांनी थांबून ती मोठ्याने वाचावयाची असते. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची बाजू कोणती, कोणत्या औषधाचे वावडे आहे, रक्त उपलब्ध आहे का, असे तिचे स्वरूप आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर करून पाहिला असता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कागदाच्या एका पानाने हे साधले. तालुक्याच्या रुग्णालयातील लहान शस्त्रक्रियेलाही ही शिस्त तितकीच लागू आहे.

फुप्फुसांच्या शस्त्रक्रिया

क्षयाने नासलेला फुप्फुसाचा भाग काढणे, छातीत साचलेला पू काढून फुप्फुस मोकळे करणे, कर्करोगाची गाठ काढणे, या छातीच्या शस्त्रक्रियांत आणखी एक कौशल्य लागते. दोन पदर असलेली विशेष नळी श्वासनलिकेत बसवून भूलतज्ज्ञ एकाच फुप्फुसाने रुग्णाचा श्वास चालू ठेवतो. दुसरे फुप्फुस शल्यविशारदासाठी स्तब्ध राहते. रोगट फुप्फुसातील पू किंवा रक्त चांगल्या फुप्फुसात उतरू न देण्याचे कामही ही नळी करते.

या शस्त्रक्रियांत खरा धोका पुढच्या काही दिवसांत असतो. बरगड्यांमधील छेद अतिशय दुखतो. वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठतो, फुप्फुसाचा भाग मिटतो आणि न्यूमोनिया होतो. पाठीतील मज्जातंतूंजवळ बारीक नळी ठेवून तिच्यावाटे बधिर करणारे औषध देण्याची पद्धत यासाठी उपयोगी पडते. वेदना शमली की रुग्ण खोकतो, उठून बसतो, चालू लागतो. वेदना शमविणे ही केवळ दयेची बाब नसून तो उपचाराचाच भाग आहे. नातेवाइकांनीही हे ध्यानी घ्यावयास हवे. ‘टाके तुटतील’ या भीतीने रुग्णाला हलू न देणे त्याच्या हिताचे नसते. छातीशी उशी धरून खोकावयास लावणे आणि परिचारिकेने दिलेल्या उपकरणातील चेंडू श्वासाने वर उचलावयास लावणे, ही त्याची खरी शुश्रूषा होय.

पूर्वतयारी : यशाचा पाया

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतो, तेव्हा तो ज्या गोष्टी शोधतो, त्यांपैकी बहुतेक गावातच दुरुस्त होऊ शकतात.

पहिली गोष्ट रक्तक्षयाची. हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या रिकाम्या ठेवता येत नाहीत. त्यांत आधीच स्वच्छ द्राव भरलेला असतो. मोठ्या माणसासाठी तो एक ते दीड लिटर असतो. चाळीस किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात सुमारे २.६ लिटर रक्त असते. त्यात १.३ लिटर द्राव मिसळला की रक्त दोन तृतीयांश इतके पातळ होते. तिचे हिमोग्लोबिन १२ असेल तर ते ८ वर येईल. पण मुळातच ९ असेल तर ६ वर येईल आणि बाहेरून रक्त देणे भाग पडेल. बाहेरचे रक्त जीव वाचविते, तथापि त्याबरोबर जंतुसंसर्ग व फुप्फुसाच्या त्रासाची शक्यताही वाढते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी किशोरवयीन मुलीने खरोखर गिळली की खिडकीबाहेर टाकली, याचा संबंध अशा रीतीने थेट शस्त्रक्रियागृहाशी पोहोचतो.

दुसरी गोष्ट तंबाखू व गुटखा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातील प्राणवायूची काही जागा विषारी कार्बन मोनॉक्साइड अडवून बसतो. एक दिवस ओढणे थांबविले तरी तो बराच उतरतो. परंतु फुप्फुसातील कफ कमी होऊन ती सुधारण्यास किमान चार आठवडे लागतात. शस्त्रक्रियेची तारीख मिळताच विडी सोडणे हा फुकटचा आणि परिणामकारक उपचार आहे. गुटखा व सुपारीचा उपद्रव वेगळा. त्यामुळे गालाच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड दोन बोटेही उघडेनासे होते. अशा रुग्णाला झोपविल्यावर श्वासनलिकेत नळी घालता आली नाही, तर काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी ज्यांचे तोंड आखडले आहे त्यांनी ते लपवू नये. भूलतज्ज्ञाला आधी कळले तर रुग्ण जागा असतानाच दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालण्याची तयारी त्याला करता येते.

तिसरी गोष्ट सिकलसेल. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागातही हा आनुवंशिक विकार आढळतो. प्राणवायू कमी झाला, शरीर थंड पडले की या विकाराच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. हृदयाच्या शस्त्रक्रियेत शरीर मुद्दाम थंड केले जाते, हे लक्षात घेतल्यास तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कुटुंबात कोणास हा विकार असल्यास, किंवा गावातील शिबिरात मिळालेले कार्ड जवळ असल्यास ते डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

चौथी गोष्ट दातांची. किडलेल्या दातातील जंतू रक्तावाटे जाऊन नव्या झडपेवर वस्ती करू शकतात. हलणारा दात नळी घालताना निखळून श्वासनलिकेत पडू शकतो. म्हणून दातांचे उपचार शस्त्रक्रियेच्या आधी पुरे करावयाचे असतात.

पाचवी गोष्ट उपवासाची. भूल दिल्यावर पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात शिरले तर घात होतो. म्हणून घट्ट अन्न सहा तास, आईचे दूध चार तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. ‘लेकरू उपाशी आहे’ म्हणून आजीने मायेपोटी भरविलेले बिस्किट फार महाग पडू शकते. उलटपक्षी, निळसर बालकाला रात्रभर पाण्याविना ठेवणेही धोक्याचे. त्याचे रक्त आधीच दाट असते. किती वाजेपर्यंत काय द्यावयाचे, हे विचारून घ्यावे आणि तंतोतंत पाळावे. चालू असलेली सर्व औषधे, त्यांत वैदूने दिलेली मुळीही आली, न लपविता सांगावीत. भूलतज्ज्ञ हे सारे दोष काढण्यासाठी विचारीत नाही. त्या उत्तरांवर त्याला औषधाची मात्रा ठरवावयाची असते.

वेळेवर ओळख

या सर्वांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे काळ. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांतील मोठे छिद्र वेळीच बंद केले, तर मूल पुढे इतरांसारखे खेळते. ते तसेच राहिले, तर फुप्फुसांकडे सतत जास्त दाबाने रक्त जाऊन तेथील रक्तवाहिन्या जाड व ताठ होतात. अशा मुलाला भूल देतानाही फुप्फुसातील दाब एकाएकी चढून हृदय थांबण्याची भीती असते. आणि काही वर्षांनी अशी वेळ येते की छिद्र बंद करणेच घातक ठरते. शस्त्रक्रियेचे दार मग कायमचे मिटते. त्या वेळी ना शल्यविशारद काही करू शकतो, ना भूलतज्ज्ञ.

या दृष्टीने ठाणे जिल्ह्याला एक अभिमानाची गोष्ट सांगता येईल. शून्य ते अठरा वर्षे वयाच्या बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये देशपातळीवर सुरू झाला, तो पालघर येथून. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते; १ ऑगस्ट २०१४ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. या कार्यक्रमानुसार फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांना वर्षातून एकदा भेट देतात. जन्मजात हृदयविकार आणि संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार हे दोन्ही या तपासणीत समाविष्ट आहेत.

तथापि वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाच्या दिवशीच मूल गैरहजर असेल, तर काय उपयोग? अंबाडीच्या परिसरात दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. शाळेच्या पटावर नाव असलेले मूल त्या काळात भट्टीवरच्या झोपडीत असते. पथकाच्या भेटीची तारीख आधी कळवून घेणे, भट्टीवरील मुले त्या दिवशी आणणे, किंवा पथकालाच भट्टीपर्यंत नेणे, हे काम ग्रामपंचायत सदस्य, आशा कार्यकर्ती आणि शिक्षक यांनी मिळून करण्याजोगे आहे.

शिक्षकांना यंत्राविनाही पुष्कळ दिसू शकते. चार पावले धावून जे मूल उकिडवे बसते, ज्याची नखे व ओठ रडताना निळसर होतात, जे प्रार्थनेला उभे असता धापा टाकते, त्याची तपासणी व्हावयास हवी. उकिडवे बसण्याची ही सवय मुलाच्या शरीराने स्वतःच शोधलेला उपाय असतो. त्यामुळे फुप्फुसाकडे अधिक रक्त वळते. त्यास आळशी म्हणून उठविणे योग्य नव्हे. अंगणवाडीत, दूध पिता पिता थकून थांबणारे, कपाळावर घाम येणारे, वजन न वाढणारे व वारंवार न्यूमोनिया होणारे तान्हे मूल असेच लक्ष देण्याजोगे. मोठ्या मुलात घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघा, घोटा, कोपर असे सांधे आळीपाळीने सुजले, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. घसादुखीवर वेळीच पूर्ण उपचार केल्यास तो टळू शकतो. आणि एकदा झाल्यावरही दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घेत राहिल्यास झडपांची पुढील हानी बहुतांशी रोखता येते. जी शस्त्रक्रिया करावीच लागली नाही, तिच्यासारखी सुरक्षित शस्त्रक्रिया नाही.

खर्चाचा प्रश्न

हृदयाच्या शस्त्रक्रियेचे नाव काढताच सामान्य कुटुंबापुढे खर्चाचा डोंगर उभा राहतो आणि शेत गहाण टाकण्याचा विचार सुरू होतो. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ साली राज्यभर विस्तारलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०१८ पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेची तिला जोड मिळाली. २०२३ साली घेण्यात आलेल्या निर्णयाने तिची व्याप्ती वाढवून दर कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. हृदय व छातीच्या अनेक शस्त्रक्रिया तीत समाविष्ट आहेत. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो. त्याची भेट प्रथम घ्यावी. बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आढळलेल्या बालकांना पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर पाठविण्याची व्यवस्था आहे. शिधापत्रिका, आधार कार्ड, बालकाचा जन्मदाखला यांतील नावे जुळत नाहीत, एवढ्या कारणाने महिने वाया जातात. ही कागदपत्रे आधीच दुरुस्त करून देणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील काम आहे, आणि हृदयाला छिद्र असलेल्या मुलाच्या बाबतीत ते वैद्यकीय मदतीइतकेच मोलाचे आहे.

घरी परतल्यावर

अतिदक्षता विभागातून बाहेर आलेला रुग्ण गावी परतला की जबाबदारी पुन्हा गावाकडे येते. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि तिचे प्रमाण रक्ततपासणीने वेळोवेळी ठरवावे लागते. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी थांबविल्यास झडपेवर गुठळी जमते. जास्त झाल्यास रक्तस्राव होतो. अशा स्त्रीला दिवस राहिले तर ताबडतोब तज्ज्ञांना कळवावयास हवे, कारण ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते. पुढे दात काढावयाचा असो वा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया असो, जुने कागद दाखवून हृदयाच्या शस्त्रक्रियेची माहिती आधी द्यावी. भट्टीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने ही कागदपत्रे व पेनिसिलीनच्या इंजेक्शनांचे कार्ड बरोबर न्यावे आणि जेथे जाईल तेथील आरोग्य केंद्रात दाखवावे.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने आपल्या बैठकीत वर्षातून दोन वेळा तरी तीन नोंदी पाहाव्यात : हृदयविकाराचा संशय असलेली किती बालके पुढे पाठविली, त्यांपैकी किती प्रत्यक्ष पोहोचली, आणि शस्त्रक्रिया होऊन आलेल्यांपैकी किती जण औषधे नियमित घेत आहेत. यासाठी निधी लागत नाही. एक वही आणि चौकशी करणारा एक सदस्य लागतो.

ईथरच्या पहिल्या प्रात्यक्षिकापासून पावणेदोनशे वर्षांत शास्त्राने छातीचे बंद दार उघडले, थांबलेले हृदय पुन्हा चालविले. रुग्णाच्या उशाशी उभा असलेला भूलतज्ज्ञ त्या काही तासांत एका क्षणासाठीही नजर हटवीत नाही. तशीच नजर त्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत गावातील शिक्षकाने, आशा कार्यकर्तीने आणि पंचायत सदस्याने ठेवली, तर अंबाडीसारख्या गावातून निघालेले मूल शस्त्रक्रियागृहात वेळेवर आणि सशक्त अवस्थेत पोहोचेल, आणि पुन्हा आपल्या शाळेच्या पटांगणात धावू लागेल.